आठ नंबरचा भोपळा: टेक्सासच्या थंडीत एका मार्टिन वसाहतीचं काय झालं

१० फेब्रुवारी २०२१, बुधवार. संध्याकाळी आमच्या परसात, घरट्यांसाठी भोपळे टांगलेल्या खांबावर, मी ११ पर्पल मार्टिन पक्षी मोजले. ७ नर, ४ माद्या. दहा दिवसांनी, २० तारखेला, त्याच खांबावर ४ होते. मधल्या दिवसांत काय घडलं ते मी वहीत तारखेवार लिहून ठेवलंय आणि त्या वहीवरूनच हे लिहिते आहे. आकडे एका खांबाचे आहेत. त्या आठवड्यात टेक्सास आणि लुइझियानात असे कितीतरी खांब होते.

लिहायचं कारण सांगते. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीत राहतो. ओळखीतल्या तीन मराठी घरांनी आता परसात मार्टिनसाठी खांब उभा करायचं ठरवलंय. त्यांचे फोन येतात. भोपळे कुठून आणायचे, खांब किती उंच हवा, सोसायटीची परवानगी कशी काढायची. पाखरं उपाशी मरायला लागली तर काय करायचं, हे अजून एकाही फोनवर कुणी विचारलेलं नाही. २०१७ साली मीही ते विचारलं नव्हतं.

पाखरू रानातलं, घर माणसाचं

पर्पल मार्टिन म्हणजे आपल्या भिंगरीच्या कुळातला पक्षी. उत्तर अमेरिकेतल्या भिंगऱ्यांमधला सगळ्यांत थोरला. लांबी साधारण २० सेंटिमीटर, वजन ५० ग्रॅमच्या आसपास. पुरता वाढलेला नर सावलीत काळा दिसतो आणि ऊन पडलं की पिकल्या जांभळासारखा चमकतो. मादी पोटाकडून करडी. चतुर, फुलपाखरं, माश्या, पंख फुटलेल्या मुंग्या, जे काही उडतं ते हा हवेत पकडतो आणि हवेतच गिळतो. पाणीसुद्धा तळ्यावरून उडता उडता चोचीने उचलतो. घरट्यासाठी काडी किंवा कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाचा तुकडा तो खालून उचलेल, पण भक्ष्य मात्र उडतंच हवं. जे उडत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नाही. या प्रकरणात जे काही घडलं ते सगळं या एका गोष्टीभोवती घडलं.

दुसरी गोष्ट घराची. रॉकी पर्वताच्या पश्चिमेकडचे बरेच मार्टिन अजून झाडांच्या ढोल्यांत राहतात. ॲरिझोनाच्या वाळवंटातले सग्वारो निवडुंगात सुतारपक्ष्यांनी कोरलेल्या भोकांत राहतात. पूर्वेकडचे मात्र आज जवळजवळ सगळेच्या सगळे माणसाने टांगलेल्या घरांत वीण करतात. ही सवय फार जुनी. चॉक्टॉ आणि चिकसॉ हे इथले मूळ रहिवासी झोपडीजवळच्या रोपट्याच्या फांद्या छाटून प्रत्येक खुंटावर एकेक पोखरलेला भोपळा टांगत आणि मिसिसिपीकाठचे गुलाम उंच वेळूच्या टोकाला तसेच भोपळे लावत, अशी नोंद अलेक्झांडर विल्सन या पक्षी-अभ्यासकाने १९व्या शतकाच्या सुरुवातीला करून ठेवलीय. म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ हे पाखरू माणसाच्या दारात आहे. दरम्यान जुनी झाडं गेली, ढोल्या गेल्या, उरल्या त्यांवर दुसऱ्या पक्ष्यांनी ताबा मिळवला. आता आपण भोपळा काढून घेतला तर पूर्वेकडच्या मार्टिनला परत जायला रान नाही.

इथे खांब लावणाऱ्यांना लँडलॉर्ड म्हणतात, घरमालक. लोक हा शब्द अभिमानाने वापरतात. माझ्या शेजारच्या आजोबांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी स्वतःची ओळख 'अमुक वर्षं लँडलॉर्ड' अशीच करून दिली होती. (माझी मुलगी त्यांना ग्रँडपा म्हणते, म्हणून मीही इथे आजोबाच लिहिते.) बरेच जण डास कमी होतील या आशेने खांब लावतात. एक मार्टिन दिवसाला २,००० डास खातो असं १९६०च्या दशकात घरं विकणाऱ्यांनी पसरवलं होतं. ते खरं नाही. मार्टिन दिवसा आणि उंचावर शिकार करतो, डास तिन्हीसांजेला आणि खाली असतात. सोसायटीच्या समितीपुढे मी हे कारण दिलं असतं तर परवानगी लवकर मिळाली असती. दिलं नाही, आणि चार महिने थांबले.

आमचा खांब १४ फुटांचा. वर लोखंडी आडव्या दांड्या, त्यांना १२ प्लॅस्टिकचे भोपळे, प्रत्येकावर नंबर. सगळा सांगाडा कप्पीवरच्या दोराने खाली आणता येतो, कारण विणीच्या दिवसांत आठवड्याला एकदा प्रत्येक घरटं उघडून तपासायचं असतं: अंडी किती, पिल्लं किती, माश्यांच्या अळ्या झाल्यात का, घरट्यातला काडीकचरा ओला झालाय का. खांबाच्या मध्यावर पत्र्याचा नळकांडा, साप आणि रॅकून (झाडावर चढणारं, अंडी-पिल्लं खाणारं एक जनावर) वर चढू नयेत म्हणून. ४० फुटांच्या आत झाड नाही. भोपळ्याचं दार गोल नाही, चंद्रकोरीसारखं आहे, जेमतेम ३ सेंटिमीटर उंच. त्यातून मार्टिन पोट घासत आत जातो, स्टारलिंग जाऊ शकत नाही. स्टारलिंग म्हणजे आपल्या साळुंकीचा भाऊबंद, युरोपातला. १८९० आणि १८९१ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सुमारे शंभर सोडले होते, आज खंडभर आहेत.

चिमणीला मात्र कुठलंच दार अडवत नाही. इथे मला थोडं थांबायला हवं. माझं माहेर नाशिकचं. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन ज्यांनी २०१० साली सुरू केला ते मोहम्मद दिलावर आमच्या नाशिकचेच. माझ्या दादाने गॅलरीत चिमण्यांसाठी तीन खोकी लावलीत आणि एकीत घरटं झालं की तो मला फोटो पाठवतो. आणि इथे मी दर रविवारी चिमण्यांचं घरटं भोपळ्यातून काढून टाकते. चिमणी इकडची नाही, १९व्या शतकात युरोपातून आणलेली. ती मार्टिनची अंडी चोचीने फोडते, कोवळी पिल्लं मारते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय: पाच पांढरीशुभ्र अंडी, प्रत्येकाला एकेक छिद्र. तरी चिमणीच्या घरट्यातलं मऊ पीस हाताला लागलं की मला नाशिकची गॅलरी आठवते. आईला फोनवर हे सांगायला मला दोन वर्षं लागली. ती एवढंच म्हणाली, "जिथलं तिथे बरं असतं गं."

२०१७ साली खांबावर कुणी थांबलं नाही. २०१८ला एक तरुण जोडी आली. २०१९ला ४ जोड्या, २०२०ला ९. त्या वर्षी ३८ पिल्लं उडाली. मला वाटलं, मला आता हे काम जमलं.

इतक्या लवकर का येतात

मार्टिन हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढतात, मुख्यतः ब्राझीलमध्ये. म्हाताऱ्या नरांना चांगलं घर आधी पटकवायचं असतं, म्हणून ते सगळ्यांत आधी निघतात. टेक्सासच्या किनारपट्टीला जानेवारीच्या अखेरीपासून ते दिसायला लागतात. एक वर्षाची तरुण पाखरं दोन-अडीच महिन्यांनी येतात. २००७ साली ब्रिजेट स्टचबरी या पक्षी-अभ्यासक बाईंच्या चमूने पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिनच्या पाठीवर प्रकाश नोंदवणारी चिमुकली उपकरणं बांधली होती. त्यातली एक मादी ब्राझीलहून १३ दिवसांत घरी परतली. जाताना तिला ४३ दिवस लागले होते.

परतीची वेळ दिवस लहान-मोठा होण्यावर ठरते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात बसलेल्या पाखराला ह्यूस्टनमध्ये पुढच्या आठवड्यात काय होणार आहे हे कळायचा मार्ग नाही. तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली गेलं की किडे उडत नाहीत. किडे नाहीत म्हणजे जेवण नाही. दोन-तीन दिवसांचा उपास मार्टिन काढतो. आमच्याकडे फेब्रुवारीत एवढीच थंडी पडते, दोन-तीन दिवसांची, म्हणून लवकर येण्याचा जुगार बहुतेक वर्षी फळतो. २०२१ला ती नऊ दिवस टिकली.

वहीतून

११ फेब्रुवारी, गुरुवार. थंडीचा पहिला झोत. दिवसभर भुरभुर. ११ही पाखरं दांडीवर अंग फुगवून बसलेली. मी वहीत लिहिलंय: 'शनिवारपर्यंत निभेल.'

१२, शुक्रवार. तसंच. दुपारी आजोबांचा फोन. "सुरू केलंस का?" मी म्हटलं, ताटलीत मीलवर्म ठेवलेत. मीलवर्म म्हणजे भुंगेऱ्याच्या जिवंत अळ्या, पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतात. सांगाड्याला लागूनच ताटली होती. पाखरं तिच्यापासून हातभर अंतरावर बसली होती, अळ्या वळवळत होत्या, आणि एकानेही मान वळवली नाही. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरी, ते त्यांना दिसतच नाहीये. रातकिडे आण. आत्ता जा."

आजोबांचं लहानपण पेनसिल्व्हेनियातलं. १९७२च्या जूनमध्ये ॲग्नेस चक्रीवादळाचा पाऊस तिथे दिवसेंदिवस पडत राहिला आणि मार्टिनच्या वसाहतीच्या वसाहती, पिल्लांसकट, उपाशी मेल्या. त्यांच्या वडिलांनी मार्टिनसाठी लावलेल्या पेटीतून मेलेली पाखरं बादलीत भरून काढल्याचं त्यांनी मला आधी एकदा सांगितलं होतं. मी ते 'जुन्या काळची गोष्ट' म्हणून ऐकलं होतं.

संध्याकाळी प्राण्यांच्या दुकानातून होते तेवढे रातकिडे आणले, तीनशेच्या आसपास. रातकिडे फ्रीजरमध्ये ठेवतात, म्हणजे ते निमूट मरतात, आणि द्यायच्या आधी कोमट करतात. आमचं घर शाकाहारी. फ्रीजरमध्ये ओल्या नारळाच्या पिशवीशेजारी तो डबा ठेवताना मला कसंसंच झालं होतं, हे लपवत नाही.

१३, शनिवार. सकाळी ८ला आजोबा कुंपणापलीकडे उभे राहिले आणि त्यांनी मला शिकवलं. प्लॅस्टिकचा पांढरा चमचा. दांडा डाव्या मुठीत, खोलग्यात एक रातकिडा, उजव्या हाताच्या बोटाने टोक मागे ताणायचं आणि सोडून द्यायचं. शाळेत बाकावरून खडूचे तुकडे उडवायचे तसं. रातकिडा १५-२० फूट वर गेला पाहिजे आणि पाखराच्या समोरून गेला पाहिजे, अंगावर नाही. अंगावर आला तर ते दचकून आत जातं. पाखरू तुमच्याकडे बघत असेल तेव्हाच उडवायचा. मग थांबायचं. मग पुन्हा.

पहिले ४० रातकिडे गवतात पडले. बोटं बधिर झाली. मुलगी पडलेले रातकिडे वाटीत गोळा करून परत देत होती. दुपारी ३ वाजून गेल्यावर दांडीच्या डाव्या टोकाला बसलेल्या एका नराने मान तिरकी केली. पुढचा रातकिडा वर गेला तसं ते पाखरू दांडीवरून सुटलं, अर्धं वळण घेतलं आणि चोच मिटल्याचा 'टक्' असा आवाज मला खाली ऐकू आला. ते परत येऊन त्याच जागी बसलं आणि आता सरळ माझ्या हाताकडे बघायला लागलं. दहा मिनिटांत त्याने सात खाल्ले. शेजारचा दुसरा नर हे सगळं बघत होता. पाचच्या सुमारास त्यानेही झेप घेतली.

हे शिक्षण असंच चालतं. एकाला उमगलं की त्याच्या शेजारच्याला उमगतं. पण त्यासाठी शेजारच्याने बाहेर बसलेलं असावं लागतं आणि त्याच्या अंगात झेप घ्यायची ताकद असावी लागते.

१४, रविवार. खाणारे चार झाले: ३ नर, १ मादी. बाकीचे सात दुपारनंतर बाहेरच आले नाहीत. मी दुर्बिणीतून पाहिलं, एकेक करत सगळे आठ नंबरच्या भोपळ्यात गेले. बारा भोपळे, त्यातले अकरा मोकळे, आणि सातजण एकात. ऊब धरायला मार्टिन असे एकत्र कोंबून बसतात हे मी वाचलं होतं. चारही खाणारे दोन आणि पाच नंबरमध्ये झोपायला गेले. संध्याकाळी गोठणारा पाऊस सुरू झाला. आजोबांचा पुन्हा फोन: सांगाडा खाली घेऊन आठ नंबर बघ. अंधार पडत होता, अंगणात निसरडं झालं होतं, मी म्हटलं सकाळी बघते.

१५, सोमवार. मध्यरात्रीनंतर वीज गेली. त्या आठवड्यात टेक्सासात ४५ लाखांहून अधिक घरांची आणि दुकानांची वीज गेली आणि शेवटी सरकारी हिशोबाने २४६ माणसं दगावली. त्यापुढे सात पाखरांची कथा लहान आहे हे मला कळतं. तरी ती सात पाखरं माझ्या खांबावर होती. सकाळी बाहेर उणे ८. घरात आम्ही तिघं एका खोलीत, तीन गोधड्यांखाली.

त्या दिवशी माघी गणेशजयंती होती. गॅसची शेगडी काडीने पेटत होती, म्हणून तिळाचे लाडू करता आले. आणि रातकिडे संपत आले होते. आजोबांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं: अंडी फेटून कोरडीच शिजव, तेल नाही, मीठ नाही, दूध नाही, आणि रातकिड्याएवढे तुकडे कर. गणेशजयंतीला आमच्या घरात अंडं कधी फुटलेलं नाही. मी ओट्यापाशी नुसती उभी राहिले होते. नवऱ्याने काही न बोलता बाहेर बार्बेक्यूची शेगडी काढली, तिच्यावर जुना तवा ठेवला आणि सहा अंडी फोडली.

चारही पाखरं साडेदहाला बाहेर आली. आधी उरलेले रातकिडे उडवले, मग मधूनच अंड्याचा तुकडा. पहिला तुकडा मादीने पकडला, चोचीत फिरवला, गिळला. मग आम्ही रातकिडे आणि अंडं एकत्र करून ताटलीत ठेवलं, कारण एव्हाना त्यांना रातकिडा म्हणजे काय हे ठाऊक झालं होतं. ताटलीवर सगळ्यांत आधी तोच शनिवारचा नर उतरला. शुक्रवारी ह्याच ताटलीकडे त्याने ढुंकून पाहिलं नव्हतं.

आठ नंबर मात्र बघता आला नाही. कप्पीवर बर्फाचा गोळा झाला होता आणि दोर काठीसारखा ताठ.

१६, मंगळवार. पहाटे उणे १०च्याही खाली. जोराचा वारा. दुपारी नवरा शिडीवर चढला आणि गरम पाण्यात पिळलेले पंचे कप्पीला गुंडाळत राहिला, एक गार झाला की दुसरा. दोन वाजता दोर हलला.

आठ नंबरच्या बाजूचं झाकण मी उघडलं. सगळ्यांची डोकी आतल्या बाजूला, शेपट्या बाहेर, एकावर एक. वरची मादी हलत होती. तिच्या खालचे सहा गेले होते. मी एकेकाला बाहेर काढलं. स्वयंपाकघरातल्या बॅटरीच्या काट्यावर वजन केलं, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं: ३४, ३६, ३५, ३३, ३७, ३४ ग्रॅम. छातीचं मधलं हाड धारेसारखं बोटाला लागत होतं. तळाच्या दोघांची पिसं ओली होती. ते उपासाने गेले की वरच्यांच्या भाराखाली गुदमरले, ते मी सांगू शकत नाही.

मार्टिन १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली संरक्षित आहे. परवान्याशिवाय तो घरात ठेवता येत नाही, आजारी असला तर परवाना असलेल्या शुश्रूषा करणाऱ्याकडे पोचवायचा. मी फोन केला. रस्त्यावर काच पसरल्यासारखा बर्फ होता. त्या बाईंनी सांगितलं: पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडकं, अंधार, कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला, तोंडात पाणी घालायचं नाही, सकाळी रस्ता मोकळा झाला की घेऊन या. मी खोकं मांडीवर घेऊन बसले. पहाटे चारच्या सुमारास आतली खुडबुड थांबली.

१७ आणि १८. पुन्हा गोठणारा पाऊस, मग ढगाळ. चारही पाखरं दिवसातून तीन वेळा ताटलीवर. बुधवारी रात्री वीज आली. गुरुवारी सातजणांना परसाच्या कोपऱ्यात पुरलं.

१९, शुक्रवार. रथसप्तमी. पहाटे अजून शून्याखाली, पण लख्ख ऊन. चौघंही दांडीवर पंख पसरून पाठ उन्हाला देऊन बसले होते. दुपारी एक नर तळ्याच्या बाजूला उडाला आणि वीस मिनिटं आला नाही. २० तारखेला चौघांनी ताटलीला तोंड लावलं नाही. हवेत किडे होते.

उशीर नेमका कुठे झाला

११ आणि १२ हे दोन दिवस मी वाट बघण्यात घालवले. तेच दोन दिवस महत्त्वाचे होते. पोट भरलेलं मार्टिन उडवलेल्या रातकिड्याकडे बघत नाही, त्याला गरज नसते. चार दिवसांचं उपाशी मार्टिन भोपळ्यातून बाहेर येत नाही, त्याला झेपत नाही. मधे जेमतेम एक-दोन दिवसांची फट असते, जेव्हा पाखरू भुकेलेलं आहे आणि अंगात अजून ताकद आहे. शिकवायचं ते तेव्हाच. शनिवारी दुपारी मी त्या फटीच्या पार टोकाला होते. चार पाखरांना ती पुरली.

ताटलीतल्या अळ्यांनी माझी फसवणूक केली असं मी बरेच दिवस म्हणत होते. खरं तर मी स्वतःचं समाधान केलं होतं. अन्न समोर ठेवलं म्हणजे खायला घातलं, असं आपल्याला वाटतं, कारण आपल्या घरी पाहुण्यापुढे ताट मांडलं की काम झालं. इथे पाहुण्याला ते ताट आहे हेच कळत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी सांगाडा खाली घेतला नाही, ही दुसरी चूक, आणि ती मला जास्त सलते. तेव्हा घेतला असता तर सातांना वेगवेगळ्या भोपळ्यांत ठेवून निदान तळाच्यांवरचा भार कमी करता आला असता. ते वाचलेच असते असं मी म्हणत नाही.

आणखी एक मुद्दा आहे, त्याला उत्तर द्यायला हवं. मार्टिन पाळणाऱ्यांतच (पाळणारे म्हणायचं ते सवयीने, पाखरू रानातलंच आहे) असं मानणारे आहेत की हे खाऊ घालणं चूक आहे. लवकर येणारे मरतात ते निसर्गाच्या हिशोबाने मरतात, आपण मधे पडलो तर चुकीच्या वेळी येणाऱ्यांची पैदास वाढवतो. मी हे म्हणणं हसण्यावारी नेत नाही. पण ज्या पाखराला आपणच दोनशे वर्षं ढोलीची सवय सोडायला लावली, ज्याच्या दाराचा आकार आपण ठरवतो, ज्याच्या शेजारी कोण राहणार तेही आपण ठरवतो, त्याच्या बाबतीत फक्त उपाशी मरताना निसर्ग पुढे करायचा, हे मला पटत नाही. मी चिमणीचं घरटं काढून फेकते. तेव्हा मी निसर्गाला त्याचं काम करू देत नसते.

त्यानंतर

त्या वसंतात रिकाम्या जागा भरल्या. मार्चमध्ये आणखी म्हातारी पाखरं आली, एप्रिलमध्ये तरुण. ७ जोड्या झाल्या, २६ पिल्लं उडाली. दोर काढून टाकला, आता पोलादी तारेचा विंच आहे आणि त्याच्यावर झाकण. फ्रीजरमध्ये जानेवारीपासून ५०० रातकिडे असतात, त्या डब्यावर मुलीने चित्र काढून चिकटवलंय. आणि पहिली गार सकाळ आली, पारा जरा १० अंशांच्या जवळ घुटमळायला लागला, की मी दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही, चमचा घेऊन बाहेर जाते.

ज्यांचे फोन येतात त्या तिन्ही घरांना मी आता आधी चमचा उडवायला लावते. भोपळ्यांचं नंतर बोलू म्हणते.

२०२२ला पहिला नर ३० जानेवारीला आला. एकटाच, दांडीच्या डाव्या टोकाला. सगळे म्हातारे नर सारखेच दिसतात आणि पायात कडी नसेल तर हा गेल्या वर्षीचा की नवीन, ओळखायला मार्ग नसतो. ३ फेब्रुवारीला पुन्हा थंडीचा झोत आला, भुरभुर, तशीच. मी डबा कोमट करून सकाळी साडेसातला बाहेर गेले. आजोबा कुंपणापाशी येऊन उभे राहिले. नव्या पाखराला पहिल्या दिवशी चाळीस-पन्नास रातकिडे गवतात घालवावे लागतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी दांडा मुठीत धरला, टोक मागे ताणलं.

पाखराने माझ्या हाताकडे आधीच मान तिरकी केली होती. रातकिडा वर जायच्या आत ते दांडीवरून सुटलं.

वहीत त्या दिवशी एवढंच आहे: '३ फेब्रु., स. ७.३५. पहिलाच.'